चिंचफाट्याची चार मिनिटं

“एकच गाडी, एकाच स्टँडवरून, रोज बरोबर चार मिनिटं उशिरा सुटते... असं का व्हावं, चाचा?”

दस्तगीर चाचा पिराच्या ओट्यावरची पानं झाडत होते. त्यांनी झाडू थांबवला नाही.

चिंचफाट्याच्या एसटी स्टँडमागेच हा पीर आहे. एकतीस वर्षं चाचा त्या स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले त्या दिवशी शिट्टी खुंटीला अडकवली आणि झाडू हातात घेतला. केबिनपासून ओट्यापर्यंत मोजून पन्नास पावलं, एवढाच काय तो त्यांचा संन्यास.

विचारणारी होती उर्मिला भोईटे. ओढ्यापलीकडच्या निंबखडीची पोर, आता महानगराच्या वाहतूक विभागात मोठी अधिकारी. कॉलेजच्या चार वर्षांत ती संध्याकाळी शहरातून परतली की चाचांच्या केबिनमध्ये टेकायची. एक गाडी आणि दोन चालक एवढ्यावर दिवसाच्या नऊ फेऱ्या कशा बसवायच्या, हे ती तिथेच शिकली. बाकीचं पुढे पुस्तकांतून आलं, पण गुरू विचाराल तर तिनं चाचांचंच नाव घेतलं असतं.

ऑफिसातली माणसं म्हणत, भोईटेबाईंना बघून घड्याळ लावावं. बाईंना ते आवडायचं. कशाला खोटं बोला?

आज ती आराखडा घेऊन आली होती. शहराभोवतीची त्रेसष्ट गावं, दोन मेट्रो आणि त्यांना जाऊन मिळणारे अठ्ठ्याऐंशी बसमार्ग, असं भलंमोठं काम. सोमवारी ते मंजुरीला जायचं होतं. त्याआधी चाचांनी त्यावर हात ठेवावा, एवढीच तिची इच्छा.

एकच खडा दाताखाली येत होता. चिंचफाट्याची सहा दहाची पहिली गाडी. हल्ली प्रत्येक गाडीवर यंत्र बसवलंय, चाक कधी हललं ते ऑफिसात बसल्या जागी कळतं. ही गाडी रोज सहा चौदाला हले. तेवढ्यानं मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनात पुढची ट्रेन निघून जाई आणि सगळी साखळी मोडे. म्हणून उर्मिलानं ती गाडी आराखड्यातून काढून टाकली होती. चिंचफाट्याची पहिली गाडी आता सातला.

“पावसापाण्यात किती उशीर होतो?” चाचांनी विचारलं.

“चारच मिनिटं.”

“बाजाराच्या दिवशी?”

“चारच.”

“मग तो बिघाड नव्हं. बिघाडाला एवढी शिस्त नसती.”

...

उर्मिला हसली. म्हणाली, तेच तर विचारायला आले. चालकांना विचारलं तर ते म्हणतात, आम्ही स्टँडच्या वेळेनं सोडतो. आता स्टँडची वेळ काय वेगळी असते?

चाचांनी झाडू भिंतीला टेकवला. स्टँडवर जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघून ये, म्हणाले.

ती गेली. केबिनच्या दारावर तेच जुनं चावीचं घड्याळ होतं. मोबाइलमध्ये चार चाळीस. भिंतीवर चार छत्तीस.

परत येताना तिची पावलं जरा ताठच पडत होती. चोर सापडला होता.

“घड्याळ मागं आहे, चाचा. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही?”

“माझ्या आलंय की. दर सोमवारी चावी मीच देतो.”

“आणि काटे पुढे करत नाही?”

“मीच मागं केलेत ते.”

मिनिट चुकलं तर माणूस चुकला, हे वाक्य उर्मिलानं याच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्यावर स्वतःचं आयुष्य रचलं होतं. कालपरवाच एका नवख्या इंजिनिअरला पाच मिनिटांच्या उशिरासाठी बैठकीबाहेर उभं केलं होतं. आणि गुरूच असा निघावा?

ती चिडली. चाचांना तसं बोलून दाखवलं. म्हणाली, मी ओढ्याला वळसा घालून पाऊण तास चालत यायचे, तरी चार वर्षांत एकदाही गाडी चुकवली नाही. ज्याला यायचं तो वेळेवर येतोच, त्याला लबाड घड्याळ लागत नाही.

चाचा ओट्यावर बसले. तिलाही बस म्हणाले.

“एकदाही न्हाई?”

...

एकदा चुकली होती. पहिल्याच दिवशी. ती फाट्याशी पोचली तेव्हा गाडीची पाठ आणि शिट्टी हातात घेऊन उभे चाचा, एवढंच दिसत होतं. ती रडली नाही, मुकाट घरी गेली. कॉलेज उद्यापासून आहे, असं आईला सांगितलं आणि कॉलेजचा पहिला दिवस घरीच काढला. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री तिनं शपथ घेतली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी कधी चुकली नाही. सगळा अभिमान त्या शपथेवर उभा होता.

“डेअरीत दूध घातल्याबिगर निघता यायचं न्हाई ना तुला?” चाचा म्हणाले. “डेअरी किती वाजता उघडायची?”

“साडेपाचला. तो माणूस शहराकडून यायचा, त्याच्या घड्याळाच्या एक मिनिट आधी उघडायचा नाही.”

“आणि तिथनं हितवर?”

“चव्वेचाळीस मिनिटं. पळतपळत.”

बोलता बोलता ती थांबली. असली बेरीज ती दिवसातून शंभरदा करत असे. साडेपाच आणि चव्वेचाळीस.

सहा चौदा.

...

मग तिला घरचं घड्याळ आठवलं. निंबखडीत पहाटे फाट्यावरचा हॉर्न ओढ्यावरून सरळ ऐकू येई, आणि वडील त्या हॉर्नवर काटे लावत. वडीलच काय, अख्खं गाव लावे. निंबखडीची माणसं शहरात गेली की परत येऊन सांगत, शहरवाल्यांना भारी घाई, त्यांची घड्याळंसुद्धा पुढं पळतात. कॉलेजातलं घड्याळ चार मिनिटं पुढे बघून तीही मैत्रिणींना हेच सांगायची. मैत्रिणी हसायच्या, आणि तिला वाटायचं, बिचाऱ्यांना खरी वेळ माहीत नाही.

तिचा चेहरा उतरला. मग हळूहळू भरून आला.

“चाचा... तुम्ही गाडीच थांबवायची ना चार मिनिटं. घड्याळ कशाला?”

“थांबवली असती तर चाळीस माणसांनी तुला चढताना बघितलं असतं. हिच्यापायी खोळंबलो म्हणाली असती. चार दिवसांत तू यायचीच बंद झाली असतीस.” चाचांनी ओट्यावरचं एक राहिलेलं पान उचललं. “घड्याळ मागं केलं, म्हणजे सगळेच वेळेवर.”

“आणि मनगटावर घड्याळ होतं त्यांचं काय?”

“दोन मास्तर होते तसले. त्यांना सांगितलं, तुमची घड्याळं पुढं हायेत, दाखवा कुणाला तरी.”

उर्मिला हसली आणि हसता हसता तिला रडूच कोसळलं. वीस वर्षं जे स्वतःच्या कष्टाचं म्हणून मिरवलं, त्यातली चार मिनिटं दुसऱ्याची होती, आणि त्यानं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. केबिनमध्ये रोज समोर बसून चहा पाजला, पण अवाक्षर काढलं नाही. लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. कुणीतरी आपली वाट बघत होतं, एवढंच. त्याचं सुख तिला आवरेना.

“मी तुमच्या मिनिटांवर शिकले, चाचा,” ती म्हणाली. “तुमचे उपकार...”

पाया पडायला ती वाकली, तर चाचांनी तिला मध्येच धरलं आणि आता सहा दहाला कोण येतं ते विचारलं.

तिनं कागद काढले. निंबखडीच्या तीन जणी. वय, शिक्षण काही लिहिलेलं नव्हतं. नुसता आकडा, तीन. तो आकडा लहान म्हणूनच तर गाडी काढणं सोपं गेलं होतं.

तिनं तिथेच ओट्यावर आराखडा उघडला. सातची गाडी खोडली. तिच्या जागी लिहिलं, सहा चौदा. मग तिकडे मेट्रोची ट्रेन चार मिनिटं पुढे ढकलली. एवढ्यानं पुढच्या सात मार्गांच्या वेळा हलल्या, त्या तिनं एकेक करून बसवल्या. बसवताना ती केबिनमध्ये शिकलेलंच पुटपुटत होती. तासभर गेला. चाचा शेजारी बसून राहिले. मध्ये एकदा उठून त्यांनी तिच्यासाठी पाणी आणलं.

शेवटी चाचांनी कागदावर हात ठेवला.

उर्मिला उठली. तिला आता राहवेना. काहीतरी फेडावंसं वाटत होतं. म्हणाली, आता कागदावरच सहा चौदा आहे, मग घड्याळानं कशाला लबाडी करायची, मीच ते माझ्या हातानं बरोबर करते.

दोघं स्टँडवर आली. तिनं केबिनमधलं स्टूल ओढलं, त्यावर चढली, घड्याळाचं काचेचं दार उघडलं आणि मोठ्या काट्याला बोट लावलं.

“राहू दे, पोरी,” चाचा खालून म्हणाले. “निंबखडीच्या पलीकडं आता आणखी एक वस्ती झालीय. तिथल्या पोरीला अजून गाडी गावत न्हाई.”