साळुंकीचं मोडकं पीस

टपाल कबुतरांच्या गळ्यात असायचं, त्या काळची गोष्ट. चिमी साळुंकी दूरदूरच्या हौशी गिऱ्हाइकांना दुर्मिळ पिसं विकायची. एकदा तळ्यावरच्या कासवआजोबांनी नीलकंठाचं पीस परत धाडलं. निरोप होता, "पोरी, हे टोकाला मोडलंय."

पीस मोडकं आहे, हे चिमीला आधीच ठाऊक होतं.

"वाटेत मोडलं म्हणून सांगतो," कबुतर म्हणालं.

"नको. चूक माझीच, असं सांग. आणि हे धड पीस दे."

आजोबा बोभाटा करतील, या धास्तीने तिला दाणा गोड लागेना. तिसऱ्या दिवशी कबुतर परतलं. "आजोबा खूश आहेत. आता घुबडाचंही पीस मागतायत."

चिमीचा जीव भांड्यात पडला. तिने घुबडाचं पीस उन्हात धरून न्याहाळलं.

"याच्या देठाशी डाग आहे. चालेल का, तेवढं आधी त्यांना विचारून ये."