वखारवाडीची नोंद

एकदा एका लहानशा शहरात एक ज्ञानी वृद्ध राहत होता. ज्ञानी असे लोक म्हणत. तो कमी बोलत असे, आणि आपल्याकडे ज्ञानी ठरायला तेवढे पुरते. कॉलेज अर्धवट सोडलेला एक शिष्य त्याच्याकडे लिहायला शिकण्यासाठी येई.

इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात त्या शहराची नोंद होती. कुणीही लिहावे, कुणीही खोडावे, फक्त छापील आधार दाखवावा, असा तिथला नियम. नोंदीत तिथल्या पेढ्यांवर तीन परिच्छेद होते. 'थोर व्यक्ती' या मथळ्याखाली निम्मे माजी नगरसेवक होते. एका व्यापाऱ्याच्या संकुलाला तर 'शहराचे भूषण' म्हटले होते. ते संकुल उभे करायला जी वखारवाडी पाडली, तिच्याविषयी मात्र अवाक्षर नव्हते. शिष्य त्याच वाडीत जन्मला होता.

तो वाडीविषयी लिहायचा, कुणीतरी खोडायचे, तो पुन्हा लिहायचा. शेवटी चिडून लॅपटॉप घेऊन तो वृद्धाकडे गेला.

"वाचा. एवढं लिहिलं आणि शेरा काय मारलाय, तर 'हे मत आहे, माहिती नाही'. आमचं घर पाडलं हे मत आहे?"

वृद्धाने वाचले. नराधम, रक्तपिपासू, सत्तेचे दलाल. पानभर हेच. वाचून झाल्यावर त्याने तो सगळा मजकूर पुसून टाकला. व्यापाऱ्याच्या संकुलाच्या ओळीला मात्र हात लावला नाही.

शिष्य उसळला. "वाटलंच होतं मला! संध्याकाळी त्याच शेटजींच्या ओट्यावर चहा पिणार आणि आम्हाला संयम शिकवणार. तुम्ही म्हातारे सगळे आतून एकच!"

"बस."

"नाही बसत."

"मग उभ्याने वाच," असे म्हणून वृद्धाने एकेक अक्षर शोधत संकुलाच्या ओळीखाली टाइप केले: 'हे संकुल वखारवाडीच्या जागेवर आहे. नगरपरिषदेने ठराव करून ही वस्ती पाडली. रहिवाशांना दुसरी जागा दिली नाही.' मग ठरावाचा सूचक म्हणून व्यापाऱ्याचे नाव. अनुमोदक म्हणून स्वतःचे. आधाराला त्या वेळी बातमी छापणाऱ्या स्थानिक वृत्तपत्राचा अंक.

"अनुमोदक तुम्ही?"

"तेव्हा शेटजी आणि मी, दोघंही नगरसेवक होतो. त्यांनी ठराव मांडला, मी हात वर केला."

"आणि मी येता-जाता तुमच्या पाया पडत होतो!"

"पडत होतास, आणि मी पडू देत होतो. तुझं लिखाण मला आवडायचं, कारण त्यात मी नव्हतो. नराधम नावाचा माणूस या गावात राहत नाही रे. तू शिव्या देत होतास आणि आम्ही त्यांच्या आडोशाला सुखात बसलो होतो. वाचणाऱ्याला एवढंच कळायचं की कुणा पोराला राग आलाय. कुणी काय केलं ते लिही. राग ज्याचा त्याला येईल."

शिष्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका."

"ते या नोंदीत बसतही नाही."

शिष्याने मजकूर जतन केला. थोड्याच वेळात व्यापाऱ्याचा फोन आला. आवाज एवढा मोठा की शिष्यालाही ऐकू येत होता.

"गुरुजी, त्या कार्ट्याने काय लिहिलंय बघितलंत? तुमचंसुद्धा नाव टाकलंय हो!"

"ते मी टाकलंय."

"बरं... पण खोडता येतं ना ते?"

"येतं की. खोडण्याचं कारण तेवढं लिहावं लागतं. काय लिहाल?"

फोन बंद झाला. त्या दिवशी ती ओळ कुणी खोडली नाही.

शिवी दिली की आपल्याला बरे वाटते, आणि गोष्ट तिथेच संपते. नाव लिहिले की ज्याचे नाव त्याच्यावर फोन करायची वेळ येते.