सगुणेचा साकव

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या बेचक्यात एक छोटं राज्य होतं, आणि त्या राज्यात एक वेगळीच रीत होती. मूल चौदा वर्षांचं झालं की त्याला सगळ्यांसमोर उभं राहून म्हणता येई, "माझं मी शिकणार." मग पाठशाळा सुटे. गाव मात्र त्याला एक सोबती देई. सोबत्याने शिकवायचं नाही, बरोबर राहायचं.

अशा एका गावात सगुणा नावाची मुलगी होती. गावाच्या पलीकडे ओढा होता, आणि ओढ्यापलीकडे वरची वाडी. दर पावसाळ्यात ओढा फुगला की वाडी गावापासून तुटायची. सगुणा चौदा वर्षांची झाली तेव्हा चावडीवर उभी राहून म्हणाली, "मी ओढ्यावर लाकडी साकव बांधायला शिकणार. माझी मी."

गावाने तिला सोबती दिला राघो सुतार. पंचक्रोशीत त्याच्यासारखा कारागीर नव्हता. त्याच्या हाताखाली कितीतरी शिष्य तयार झाले होते, आणि सगळे थेट राघोसारखंच रंधा मारत, तासत, ठोकत. आता म्हाताऱ्या राघोला वाटलं, बसून तर राहायचं, यात काय अवघड?

पण पहिल्याच दिवशी त्याचे हात शिवशिवू लागले.

"कुऱ्हाड अशी नको धरू."

"बरं."

"ते खोड कशाला घेतेस? आणि दोर इतका सैल?"

दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी सगुणेने कुऱ्हाड खाली ठेवली. "बाबा, मग तुम्हीच बांधा. मी जाते घरी." आणि ती खरंच गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

राघोला घरात चैन पडेना. तो गावातल्या म्हाताऱ्या सुईणीकडे गेला. "एवढं ज्ञान पोटात आहे माझ्या, आणि ही पोर ऐकत नाही. काय करू?"

सुईण म्हणाली, "राघो, मी बाळंतिणीपाशी बसते, पण कळा तिच्या तिलाच द्याव्या लागतात. मी मधे मधे केलं तर बाळाचंच वाटोळं. पण हे बघ—"

ती पुढे काही सांगणार होती. राघो मात्र उठून चालायला लागलासुद्धा. त्याला हवं ते मिळालं होतं. गप्प बसायचं!

तो सगुणेच्या दारात गेला, म्हणाला, "चल. आता तोंड उघडणार नाही."

आणि खरंच, त्याने तोंडाला कुलूप घातलं. सगुणेने सावरीची खोडं तोडली. सावर हलकी, पोरीला उचलायला सोपी. पण पाण्यात कुजते, वजनाखाली वाकते. राघोला ते दिसत होतं. तो उठे, बसे, काडीने जमीन उकरी, पुन्हा उठे. पण बोलला नाही. साकव उभा राहिला. सगुणा त्यावर चढली, मधोमध गेली, आणि कडाड! खाली गुडघाभर पाणी होतं. ती धपकन पडली, चिखलाने माखून वर आली आणि मोडलेल्या खोडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग रानात गेली, झाडांवर कुऱ्हाडीचा दांडा आपटून आवाज ऐकत फिरली, आणि ऐनाचं टणक लाकूड घेऊन परत आली.

राघो मनात म्हणाला, 'पाहिलंस? गप्प बसल्याने किती शिकली!' आणि त्याला आपल्या गप्प राहण्याचा अभिमान वाटू लागला.

दुसरा साकव सुंदर झाला. ऐनाचे वासे, वेताची घट्ट बांधणी. तोवर आभाळ भरून येऊ लागलं होतं. ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं. ठरलं, उद्या सकाळी वरच्या वाडीची माणसं साकवावरून गावात येतील. पोरं पुढे, मोठी मागे.

त्या संध्याकाळी राघो पलीकडच्या काठावर उभा होता. साकवाची मेढ, म्हणजे आधाराचा खांब, जिथे रोवला होता, तिथला काठ पाण्याने खालून कोरला होता. वरून हिरवळ, आत पोकळी. मोठा लोंढा आला की मेढीसकट सगळं जाणार.

हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं नव्हतं. मेढीचा खड्डा खणला तेव्हाच दिसलं होतं.

आता काय करायचं? बोललो तर तिचं शिकणं हिरावलं. नाही बोललो तर? मागच्या वेळी गुडघाभर पाणी होतं. तो घराकडे निघाला, वळला, पुन्हा निघाला, पुन्हा वळला. वाडीतली पोरं तेवढ्यात साकवापाशी येऊन उड्या मारत होती, "उद्या मी पहिला! उद्या मी!"

राघो पळतच सगुणेपाशी गेला. "पोरी, पलीकडच्या मेढीखाली पोकळ आहे. पहार घालून बघ."

सगुणेने पहार घातली. पहार अर्धी आत गेली. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि सांगितलं नाहीत? उद्या पोरं जाणार होती यावरून!"

"चुकलो," राघो म्हणाला. 

सगुणेने पहार उपसून काढली. मग पहिल्यांदाच तिने विचारलं, "तुमच्या हातात असतं तर काय केलं असतं?"

"काठाला दगडांचा बांध घातला असता."

"आणि बांधाखालची मातीच वाहून गेली तर?"

राघो वाकून काठाची माती चाचपू लागला. हा प्रश्न त्याला कधीच कोणी विचारला नव्हता. त्याचे शिष्य विचारत नसत, सांगितलं तसं करत.

"मेढ मागे नेऊ," सगुणा म्हणाली. "काठामागच्या त्या उंबराच्या मुळ्यांमध्ये. वासे लांब लागतील. सगळं सोडवून पुन्हा बांधावं लागेल."

"पाऊस डोक्यावर आहे."

"म्हणून तर आत्ताच उठा. या वेळी बसून राहू नका, दोर धरा."

वाडीतली माणसं कुरकुरली, पण मदतीला आली. भर पावसात लांब वासे ओढून आणले. सगुणा सांगत होती, राघो दोर ताणत होता. तिचं काही खटकलं की तो म्हणे, "इथे बघ बरं," आणि ती बघे. कधी त्याचं ऐके, कधी नाही.

काम संपलं आणि दोनच दिवसांनी लोंढा आला. जुन्या मेढीच्या जागचा काठ धाडकन कोसळून वाहून गेला. उंबर हलला नाही. साकव थरथरला, पण उभा राहिला. त्या पावसाळ्यात वरची वाडी तुटली नाही.

पुढे सगुणेने त्या राज्यात कितीतरी ओढ्यांवर साकव बांधले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. राघोला मात्र गावाने सोबती म्हणून पुन्हा पुन्हा बोलावलं. चुळबुळ त्याची कधी गेली नाही. फक्त आता बोलायचं केव्हा आणि थांबायचं केव्हा, हे त्याला थोडं थोडं कळू लागलं होतं.

तात्पर्य : शिकणाऱ्याला पडू द्यावं, पण बुडू देऊ नये.