शिवामूठ आणि नातू

श्रावणातला तिसरा सोमवार. वृंदाच्या शिवामुठीचं हे पाचवं, शेवटचं वर्ष. पदराला मूठभर मूग बांधून ती सासऱ्यांच्या, तात्यांच्या गाडीत बसली. लेकीचं महिन्याचं बाळ बघायला तात्या निघाले होते. वाटेत महादेवाचं देऊळ दिसलं, तरी ते गाडी थांबवेनात.

"फोनवर दर्शन घे, सूनबाई! देव तोच. जग कुठल्या कुठे गेलं!"

"बरं तात्या. मग घराकडेच वळवा गाडी. वन्संचं बाळ तुम्ही रोज फोनवर बघताच की. बाळही तेच."

"अगं, पण मला त्याला मांडीवर घ्यायचंय!"

"मलाही मूठ हातानंच वाहायचीय," वृंदा हळूच म्हणाली.

तात्यांनी गाडी कडेला घेतली, आणि देवळाच्या पायरीशी पहिली चप्पल त्यांचीच निघाली.