चाळीस सेकंदांत बंद

“चौदा हजार माणसं आहेत बाबा, त्रेचाळीस देशांतली. मग एकही बोलत का नाही?”

हा प्रश्न मी माझ्या या दोन कानांनी ऐकला, शपथेवर सांगतो. त्या दिवशी मी सांगलीला साडूच्या घरी होतो, ही गोष्ट वेगळी. कान माझेच होते.

विचारणारा पुण्याचा सौमित्र उंडे. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती पडण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हा त्याचा धंदा. हाच धंदा करणाऱ्या जगभरच्या लोकांना त्याने इंटरनेटवर एका मांडवाखाली आणलं होतं. सात वर्षं त्यासाठी खपला होता. आणि आता त्या मांडवात अकरा दिवस कोणी खोकलंही नव्हतं.

‘मंच बंद करीत आहे’ असा निरोप त्याने मोबाइलवर लिहून तयार ठेवला होता. टेकडीवरच्या गैबीबाबांना एकदा विचारायचं आणि बटण दाबायचं, एवढंच उरलं होतं.

बाबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

“हे विचारून झालंय,” ते म्हणाले.

“कोणी विचारलं?”

“गेनू गवंड्याने. गेल्या शिमग्याला. उत्तर त्या खांबावर लिहिलंय. जा, बघ.”

खांब कोळशाच्या अक्षरांनी काळा झाला होता. तासाभराने सौमित्रला गेनू सापडला, खालून तिसरा. ‘घरात माणसं चार, कोणी बोलत नाही.’ पुढे उत्तर: ‘कमी बोल.’

सौमित्र परत आला. “बाबा, गेनूच्या घरात माणसं चार. माझं वेगळं आहे.”

“सारखंच आहे. पुढचा.”

पुढे कोणी नव्हतं. एक शेळी होती.

“अहो, मी पाच तास गाडी चालवत आलोय.”

“पाटलांचा जावई सहा तास चालवत आला होता. तेही खांबावर आहे. पुढचा.”

शेळीने मान वर केली.

“माणूस पहिल्यांदा दारात आलाय,” सौमित्रचा आवाज चढला. “निदान ऐकून तरी घ्या. हाकलायचं तर ऐकून हाकला.”

बाबांनी चिमूट ओठाआड ठेवली, हात झटकले...

“तुमच्याकडे कसं करतात?”

“आमच्याकडे शिस्त आहे. एकाने कळवलेली चूक दुसऱ्याने पुन्हा कळवली, की त्यावर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का मारायचा. जुन्या उत्तराचा नंबर द्यायचा आणि बंद. मी एकट्याने नऊ हजार...”

तो थांबला.

बाबा खांबाकडे बघत होते.

मग सौमित्र उठला. त्या टेकडीवर रेंज येते ती फक्त शेळीच्या खुंट्यापाशी. तिथे उभा राहून तो मोबाइलवर जुन्या निरोपांत मागे मागे जात राहिला. सेनेगलमधल्या आवा नावाच्या मुलीपाशी थांबला. चार वर्षांपूर्वीचा निरोप. तिचा पहिला, आणि तोच शेवटचा.

“वाच,” बाबा म्हणाले.

“‘हा फोन माझ्या आजीचा अंगठा ओळखत नाही. माझा ओळखतो. का, ते मला कळत नाही. इथे विचारलं तर चालेल ना?’”

“मग तू काय म्हणालास?”

“‘डुप्लिकेट. क्रमांक दोनशे बारा पाहा.’... चाळीस सेकंदांत.”

त्या चाळीस सेकंदांची त्याला तेव्हा फार ऐट होती. चारचौघांत सांगायचा.

“दोनशे बारामध्ये काय आहे?”

“बोट ओलं असेल तर पुसून घ्या.”

बाबा हसले नाहीत. शेळीही नाही.

सौमित्रने तयार ठेवलेला निरोप खोडला. मोकळ्या झालेल्या जागेवर त्याचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

“आता काय लिहू तिला, बाबा?”

इथे एक कबूल करतो. शेळी माझी. टेकडीवर शेळीबिळी काही नव्हती, गोष्ट सांगताना मीच ती नेऊन बांधली. मग रेंज कुठे येत होती, ते मला विचारू नका. बाबांचं उत्तर मात्र माझ्या पदरचं नाही. तेवढी अक्कल असती तर मी सांगलीला कशाला बसलो असतो?

बाबा तंबाखू मळून मळून रेषा पुसल्या गेलेल्या आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, “तिला विचार... आजी जन्मभर हातांनी काय काम करत आली?”