चष्मा ज्याचा त्याला

"यंत्रच मंद असेल तर मी काय करणार, बुवा?"

शार्दूल पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून बुवांच्या मठात आलेला. नोकरी सुटली होती. तोरा सोबत आला होता.

नेत्रशिबिराचे चष्मे तयार होऊन आले होते. डब्यांवर नुसते नोंदणीचे क्रमांक. कुणाचा कोणता, ते संगणक सांगणार. ओसरीवर म्हातारी माणसं सकाळपासून बसलेली. गावाकडे जाणारी शेवटची एसटी चारची. आणि संगणक अजून शोधतच होता.

"मोठा घ्यावा लागेल," शार्दूल म्हणाला. "आजवरच्या सगळ्या शिबिरांची माणसं आहेत त्यात. सगळे चष्मे आहेत."

बुवांनी एक डबी उघडली. चष्मा काढून त्याच्या हातात ठेवला.

"ज्याचा त्याला देऊन ये."

"कुणाचा आहे?"

"ते नको विचारू. एकेकाला लावून बघ."

शार्दूल हसला. बुवा हसले नाहीत...

तो ओसरीवर गेला. तुळसाआजींना चष्मा लावला.

"धुरकट दिसतंय रे."

शेजारच्या आजोबांना लावला. मग त्यांच्या शेजारच्यांना...

"फार वेळ लावतोस," बुवा दारातून म्हणाले. "पाय मंद आहेत तुझे. भरभर चाल जरा."

"भरभर चालून काय होणार, बुवा? हा कुणाचा, ते आधी..."

तो थांबला.

आत जाऊन त्याने संगणकाला विचारायला स्वतःच लिहिलेला प्रश्न पुन्हा वाचला. माणसं मागितली होती. चष्मे मागितले होते. चष्मा ज्या क्रमांकाचा, माणूसही त्याच क्रमांकाचा हवा, ही अट तेवढी घालायची राहिली होती. संगणक प्रत्येक चष्म्याची प्रत्येक माणसाशी जोडी लावत बसला होता.

त्याने ती एक ओळ घातली. यादी लगेच आली.

एसटी यायच्या आत वाटप उरकलं. तुळसाआजींनी आपला चष्मा चढवून शार्दूलला नीट न्याहाळलं.

"आवाजावरनं वाटलं, कुणी मोठा साहेब असशील. पोरगाच की रे तू."

तो मोकळं हसला. मठात आल्यापासून पहिल्यांदाच.

ओसरी रिकामी झाल्यावर तो बुवांजवळ येऊन बसला.

"यंत्र मंद नव्हतं, बुवा. सकाळपासून राबत होतं बिचारं. मी सांगितलं तेच मुकाट करत राहिलं. एकदाही उलटून विचारलं नाही."

"हं..." बुवा म्हणाले. "म्हणून तर त्याला शिष्य केलं नाही."