चिंगीची करवंटी

झाडांना दारं असायची, तेव्हाची गोष्ट. एका पोकळ चिंचेच्या झाडात चिंगी खार पिल्लांसह राहायची आणि अख्ख्या रानाचा दाणागोटा साठवायची. कुणी गाठोडं आणलं की विचारायची, "किती आहे?" सांगतील तेवढ्या मापाची ढोली निवडायची आणि गाणं म्हणत सगळं ओतायची. सगळ्यात छोट्या ढोलीच्या शेजारच्या ढोलीत पोपट बसे. त्या ढोलीतून हुकूम आला की खालचे मुंगळे दार उघडत. कोण ओरडतंय हे बघायची पद्धतच नव्हती.

एकदा कोल्होबा गाठोडं पाठीवर घेऊन दाराशी आले. "चिंगीताई, ओंजळभर बोरं आहेत हो!"

चिंगीने गाठोडं वर ओढलं आणि सगळ्यात छोट्या ढोलीत उपडं केलं. बोरं धो धो सुटली! ढोली भरली, शेजारच्या ढोलीत सांडली, आणि पोपट शेपटी वर करून बोरांबरोबर बाहेर! बोरांत दडलेली कोल्होबांची साथीदार साळुंकी त्याच्या जागी बसून किंचाळली, "दार उघडा!"

मुंगळ्यांनी दार उघडलं. कोल्होबा चिंगीच्या पिल्लांकडे झेपावले, बोरांवरून घसरले आणि गडगडत थेट ओढ्यात!

दुसऱ्या दिवशी चिंगीची आई आली. "मूठभर शेंगा आहेत गं, ओत."

चिंगीने करवंटी पुढे केली. "आधी मोजते. ढोली भरली की थांबते."

"अगं, आईवर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे गं आई. गाठोड्यावर नाही."

आईने मान वळवून स्वतःच्याच गाठोड्याकडे पाहिलं. ते हळूच शिंकलं.